शाळेतल्या गेलेल्या मित्रमैत्रिणींबद्दल लिहा

काल विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरींचं लेझीम बघितलं आणि पाय हलेनात. आमच्या वर्गातली ती लेझमात कायम पुढं असायची. डाव मोडला की सर नाही, तीच ओरडायची. आमचं गाव किल्लारीपासून जवळ. १९९३ ला २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत मिरवणूक चालली, दमून सगळे झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आम्ही अंगणात झोपलेलो, वाचलो. ती आणि तिच्या घरचे घरात होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. मग पाऊस लागला. पडलेल्या घरांचीच लाकडं सरणाला वापरली.

तिचा एकही फोटो नाही. नवीन गाव दुसरीकडं वसलं, त्यामुळं तिचं घर इथं होतं असं दाखवायलाही जागा नाही. ती कशी होती हे आम्हा वर्गातल्यांनाच माहीत, म्हणून लिहिते. उजव्या भुवईवर खोक होती. चिंचा मिठाशिवाय खायची. लातूरला जाऊन डॉक्टर व्हायचं म्हणायची. तुम्हीही लिहा, बारीकसारीक काहीही चालेल.

* * *

ताई मी सास्तूरचा. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं आम्हा बाराशे पोरांना पुण्याला आणलं, वाघोलीला शिकलो. गावात हजेरीला माझ्या आधी माझ्या गेलेल्या मित्राचं नाव यायचं. पुण्यात नवीन सर हजेरी घ्यायला लागले की मी त्याच्या नावाची वाट बघत बसायचो आणि माझी हजेरी चुकायची. सरांनी कधी रागावलं नाही, त्यांना कळलं असावं. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

* * *

वाचवत नाही हो 🙏 कुकर लावलाय, येते परत.

* * *

आमचा मित्र सातवीत असताना गेला, रक्ताचा कॅन्सर. आम्ही पेणचे. परळला टाटामध्ये उपचार, आईवडील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथून त्याचं अंतर्देशीय आलं होतं, वर्गातल्या एकेकाला एकेक ओळ. मला लिहिलं होतं, माझा भोवरा खेळ पण दगडावर मारू नको, आर बोथट होईल. बाईंनी पत्र वर्गात वाचायला घेतलं, अर्ध्यात थांबल्या. पुढचं मॉनिटरनं वाचलं.

* * *

गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव वाचून राहवलं नाही. सासरे आजारी असताना आम्ही तिथंच उतरलो होतो. फार मोठा आधार. कुणाला टाटाला जायची वेळ आली तर लॉज बघायच्या आधी तिथं चौकशी करा.

* * *

आले. माझी मैत्रीण २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, कोविड. पाचवीपासून एका बाकावर. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा, माझ्यात पोळी आणि बटाटा, रोज अदलाबदल. तिच्या आईला वाटायचं लेक ठेचा आवडीनं संपवते 😄 आता तिची मुलगी मला विचारते, मावशी, आई शाळेत कशी होती? मी भाजी निवडता निवडता व्हॉइस मेसेज करते. परवा विचारलं, आई गणितात पहिली यायची का? म्हटलं नाही गं, पहिली मी, तुझी आई दुसरी, आणि त्यावरून दोन दिवस बोलणं बंद. ती खूप हसली. तुमच्या मैत्रिणीची मुलं असतील तर त्यांना सांगा, ती वाट बघत असतात.

* * *

ठेचा दाण्याचा की नुसत्या मिरचीचा?

* * *

नुसती मिरची लसूण मीठ, तव्यावरच रगडलेला. दाणे आमच्याकडं नाही घालत.

* * *

सगळ्यांचं वाचलं. भोवऱ्याचं दोनदा वाचलं. सास्तूरचे दादा, माझा मावसभाऊपण वाघोलीलाच होता, तेव्हा चौथीत. त्याच्याजवळ त्या वेळचं कुणीच नाही बोलायला. तुमचा नंबर त्याला दिला तर चालेल का?

* * *

द्या की ताई, विचारायचं काय त्यात. रात्री नऊनंतर फोन करायला सांगा, दुकान बंद झाल्यावर निवांत बोलता येईल.