मदत हवी आहे: रिव्हर्स कॅमेरा बंद पडलाय

मुठाकाठ:
आठवडा झाला, गाडीचा रिव्हर्स कॅमेरा चालत नाहीये. रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर 'नो सिग्नल'. अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे गेलो, त्याने हातही न लावता सांगितलं, "कॅमेरा गेला, नवा टाका, साडेतीन हजार." मला पटलेलं नाही. शनिवारी गावी निघायचंय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

सांगलीकर१:
गाडी कुठली, किती जुनी? कॅमेरा गाडीबरोबरच आलेला की बाहेरून बसवलेला?

रानवाट:
माझंही हेच झालं होतं. सरळ नवा अँड्रॉइड स्क्रीन आणि एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा बसवून घेतला. रात्रीसुद्धा नंबरप्लेट वाचता येते. जुन्यावर खर्च करू नका.

तारतंत्र:
@रानवाट, जुन्या साध्या स्क्रीनला एएचडी कॅमेरा चालत नाही. तुमचं वाचून ते नुसता कॅमेरा घेऊन आले तर पैसे पाण्यात.

मुठाकाठ, रिव्हर्सचा दिवा लागतो का? आणि कॅमेरा एकदम गेला की आधी चित्र ये-जा करत होतं?

रानवाट:
मी स्क्रीनसकटच म्हटलं होतं. नीट वाचा.

मुठाकाठ:
दिवा लागतो ना, म्हणून तर विचारतोय! हॅचबॅक आहे, २०१७ ची. कॅमेरा बाहेरून बसवलेला, नंबरप्लेटच्या वर. आधी दोन-चार दिवस चित्र फडफडत होतं. पाऊस सुरू झाल्यावरच हे सगळं झालं, म्हणजे पाणीच गेलं असणार.

जुनाचालक:
३२ वर्षं गाडी चालवतोय. तिन्ही आरसे नीट लावा, मान वळवून मागे बघा. कॅमेऱ्याने सवय बिघडते.

मुठाकाठ:
काका, आरसे मीही बघतो. आमच्या वाड्याच्या बोळात माझी तीन वर्षांची मुलगी आणि शेजारची पोरं खेळत असतात. मागच्या काचेच्या खाली जे आहे ते कुठल्याच आरशात दिसत नाही.

दूरदेशी:
मी न्यू जर्सीत असतो. इथे १ मे २०१८ पासून नव्या गाड्यांना कॅमेरा सक्तीचा आहे. त्यामागचा कायदा २००८ चा, कॅमेरॉन गुल्ब्रान्सन या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाचा. वडील गाडी मागे घेत होते आणि तो मागे होता. तुमची काळजी अगदी रास्त आहे.

सांगलीकर१:
आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. सेन्सरला बारीक खांब चुकू शकतो.

हिरवीगार:
लेन्स धूसर झाली असेल तर टूथपेस्टने घासा, माझी चकचकीत झाली.

तारतंत्र:
@हिरवीगार, टूथपेस्टने चरे पडतात. ओलं मऊ फडकं पुरे. आणि त्यांच्याकडे चित्रच येत नाहीये.

मुठाकाठ, रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीन आपोआप बदलतो, म्हणजे स्क्रीनला रिव्हर्सची खबर पोचतेय. अडचण कॅमेऱ्याच्या १२ व्होल्टमध्ये किंवा व्हिडिओच्या वायरमध्ये. हॅचबॅकमध्ये पहिला संशय डिकीच्या बिजागरीजवळच्या काळ्या रबरी नळीवर. डिकी उघडली-मिटली की आतल्या वायरी तिथेच वाकतात. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. रिव्हर्स टाका, एकाला स्क्रीनकडे बघायला बसवा, डिकी हळूहळू उघडा आणि ती नळी हलवा. चित्र लुकलुकलं तर दोष तिथेच. नाही तर कॅमेरा काढून फ्यूज लावलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. तरी चित्र नाही आलं तर कॅमेरा किंवा व्हिडिओची वायर. दुसऱ्या केबलवर लावून बघितलं की कळेल.

रानवाट:
एवढी खटपट कोण करतो? साडेतीन हजारांत काम होतंय.

तारतंत्र:
दोष वायरीत असेल तर नवा कॅमेराही त्याच तुटक्या वायरीवर बसणार.

मुठाकाठ:
करून बघितलं. बायको स्क्रीनकडे बघत होती. डिकी अर्ध्यावर आल्यावर ती ओरडली, "आलं, आलं!" आणि लगेच गेलं. रबर मागे सरकवलं तर लाल वायरीच्या प्लास्टिकला बारीक चीर. आत तांबं हिरवं पडलेलं, दोनच तारा लागून होत्या. पिळून टेप मारू का?

तारतंत्र:
नको. हिरवं तांबं कापून टाका, चकचकीत तार लागेपर्यंत. इंचभर तुकडा वाढवून सोल्डर करा, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. जोड वळणावर येऊ देऊ नका, बॉडीच्या आत घ्या, आणि वायर थोडी सैल ठेवा. काळी आणि व्हिडिओची वायरही तिथेच वाकते, आत्ताच तपासा. शेवटी रबर भोकात नीट बसवा, नाही तर पाणी डिकीत उतरेल.

सांगलीकर१:
+१. सोल्डरच्या आधी हीट श्रिंक वायरीत ओवून ठेवा, मी एकदा विसरलो होतो.

मुठाकाठ:
झालं! सोल्डर गल्लीतल्या रेडिओवाल्याने करून दिलं, ५० रुपये घेतले. काळी ठीक आहे, व्हिडिओची वायर मात्र वरून थोडी सोललीय, तिच्यावरही श्रिंक चढवली. दहा वेळा डिकी उघडून-मिटून बघितली, चित्र हललं नाही. तारतंत्र, मनापासून आभार.

जुनाचालक:
छान झालं. गावी कुठल्या घाटाने निघताय? ताम्हिणीत पावसात धुकं फार असतं, सकाळी लवकर निघा.

हिरवीगार:
माझ्या लेन्सवर खरंच बारीक चरे दिसतायत. लेन्स वेगळी मिळते का?