गिटारवाल्याला रॅक (यंत्रं एकावर एक स्क्रूनं बसवायची पेटी) खरंच लागतो का? ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी सांगा

सहावी_तार (सांगली)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. गणपती ते कोजागिरी, मग लग्नसराई आणि जत्रा, असं धरून वर्षाला 40 च्या आसपास सुपाऱ्या होतात. सामान असं: पेडलबोर्डावर (पायानं दाबून आवाज बदलायच्या पेडलांची पाटी) ट्यूनर, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि व्हॉल्यूम पेडल. शिवाय गिटारचा वायरलेस, इन-इअरचा (कानात घालून स्वतःचं वाजवणं ऐकायचा) रिसीव्हर, गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा डीआय बॉक्स आणि तीन अडॅप्टर. बोर्ड सोडून बाकी सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

गेल्या महिन्यात एका जत्रेत आधीचा कार्यक्रम लांबला आणि आम्हाला मांडामांड करायला 12 मिनिटं मिळाली. निवेदकानं पहिलं गाणं पुकारलं तेव्हा मी वायरलेसचा अडॅप्टर शोधत होतो. मुखडा आणि पहिला अंतरा गिटारशिवाय गेला. कीबोर्डवाल्यानं सांभाळून घेतलं, लोकांच्या लक्षातही आलं नसेल, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता 6 यू चा (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅक करावा असं डोक्यात आहे. त्यात पॉवर कंडिशनर (वीज गाळून यंत्रांना वाटणारी पट्टी), दोन्ही रिसीव्हर आणि पेडलं विकून एक रॅकमधला प्रोसेसर. ओळखीचा सुतार पेटी करून द्यायला तयार आहे. गाडी अल्टो. करू का?

जुना_फ्रेट (पुणे)

पेडलं विकू नकोस. आधी माझं ऐक, मग काय ते ठरव.

1994 साली मी असाच रॅक केला होता. आखातातून परतणाऱ्या एका वादकाकडून प्रीअँप (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारं यंत्र) आणि 1 यू चा इफेक्ट प्रोसेसर घेतला. प्रीअँप 120 व्होल्टचा, म्हणून 230 वरून खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर पेटीतच बसवला. 8 यू ची प्लायची पेटी भरून 31 किलो झाली. आवाज मात्र असा होता की आजही आठवला की बरं वाटतं. स्वच्छ कोरस, लांब डिले, आणि पायाच्या एका दाबात सगळा साज बदलायचा. तोवर मी चार पेडलांवर नाचत होतो.

रॅक कुठून आला हे ध्यानात घे. 1983 ला मिडी (वाद्यं आणि यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची डिजिटल पद्धत) आलं आणि पायातल्या पट्टीवरून लांबच्या यंत्राला हुकूम देता यायला लागला. लॉस एंजेलिसमधल्या स्टीव्ह लुकाथर, मायकल लँडाऊ अशा स्टुडिओ वादकांसाठी बॉब ब्रॅडशॉनं मोठमोठी स्विचिंग यंत्रणा बांधली. त्यांना एका दिवसात वेगवेगळ्या स्टुडिओत वेगवेगळे आवाज द्यायचे असत, आणि त्या पेट्या वाहून न्यायला तिथे वेगळी माणसं होती. माझ्याकडे होता मी आणि ढोलकीवाला. कोकणातल्या एका गावी भर पावसात चिखलातून ती पेटी आम्ही दोघांनी देवळापर्यंत नेली. पुढच्या वर्षी प्लाय फुगलं, पट्ट्यांची भोकं सरकली आणि स्क्रू लागेनात.

दुसरी अडचण तारांची. गिटार इथे, रॅक मागे अँपजवळ, आणि मधून मिडीची तार. मिडीला 15 मीटरची मर्यादा आहे, ती कधी आड आली नाही. पण त्या तारेवरून नाचणारी मुलं, फोटोग्राफर, हार घेऊन येणारे पाहुणे सगळे जायचे. दोनदा तार निघाली आणि अख्खं गाणं एकाच आवाजात वाजवावं लागलं. पेडलबोर्ड असता तर वाकून हातानं दाबलं असतं.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. गाणं चालू असताना ज्याला पाय किंवा हात लागतो ते पायाशी. एकदा चालू करून रात्रभर ज्याच्याकडे बघत नाहीस ते पेटीत. तुझ्या यादीत पेटीतलं काय निघतं? दोन रिसीव्हर आणि वीज. त्यासाठी 6 यू नको.

आणि 12 मिनिटांत तुझा घोळ झाला तो रॅक नव्हता म्हणून नाही, सामान सुटं होतं म्हणून. तीन अडॅप्टर काढून टाक. वेगवेगळे, एकमेकांपासून तोडलेले आउटपुट असलेला एकच पॉवर सप्लाय बोर्डाखाली पक्का बसव. डिजिटल डिलेला किती मिलिअँप लागतात ते त्याच्या मागे वाच, काहींना 300 च्या वर लागतात. डीआय बोर्डावरच चिकटव. मग बोर्डातून बाहेर एक विजेची तार आणि मिक्सरकडे जाणारी एक एक्सएलआर तार, एवढंच. घरी घड्याळ लावून जोडून बघ.

मांडववाला_साउंड (ठाणे)

दादांशी सहमत, त्यात दोन गोष्टी घालतो. मी मिक्सरवर बसतो, गिटारवाल्यांचा त्रास मला थेट ऐकू येतो.

पॉवर कंडिशनरवर पैसे घालण्याआधी 500-600 रुपयांचा मल्टिमीटर घ्या. जत्रेत जनरेटरवर वीज असते, एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरी पिन असते पण आत अर्थिंगची तारच नसते. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तरच प्लग लावा. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकला असताना बसलेला झटका मी डोळ्यांनी बघितलाय. कंडिशनर अर्थिंग तयार करत नाही. घूं आवाज येतो म्हणून कुणी प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलं तर ऐकू नका. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं (ऑडिओच्या तारेतली जमिनीची जोडणी तोडणारं) बटण असतं, ते दाबा.

दुसरं, वायरलेस. रिसीव्हर लोखंडी पेटीत घालून एलईडी वॉलच्या मागे ठेवलात तर सिग्नल जाणारच. 2.4 गिगाहर्ट्झवाला असेल तर आणखीनच, माणसांची गर्दीही तो अडवते. अँटेना पेटीच्या पुढच्या तोंडाला, आणि पेटी तुम्हाला दिसेल अशी. सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची, बाहेरचा घूं आवाज लवकर पकडणारी) गिटार असेल तर एलईडी वॉलपासून लांब उभं राहूनच साउंड चेक करा.

एक विचारू? इन-इअर फक्त तुम्हाला आहे की सगळ्या बँडला?

सहावी_तार (सांगली)

आम्हा चौघांना आहे. मी, ड्रमर, कीबोर्ड आणि गायिका ताई. चौघांचे चार रिसीव्हर, चार अडॅप्टर, चार पिशव्या. प्रत्येक जण साउंडवाल्याकडे वेगळी लाइन मागतो.

मांडववाला_साउंड (ठाणे)

मग रॅक बँडला हवाय! छोटा डिजिटल मिक्सर, मॉनिटरचे ट्रान्समीटर आणि खाली विजेची पट्टी. चौघांचं मॉनिटर मिक्सिंग एकदाच सेव्ह करा, प्रत्येक गावी पुन्हा सांगायला नको. वेळ खरा तिथे वाचतो.

जुना_फ्रेट (पुणे)

हे मला सुचलं नव्हतं, आणि हेच बरोबर आहे. चौघांत खर्च वाटला जाईल, पेटी टेम्पोत ऑक्टोपॅडसोबत जाईल, अल्टोत नाही.

सुताराकडून करणार असशील तर मापं लिहून दे, अंदाजानं करू देऊ नकोस. 1 यू म्हणजे 44.45 मिमी. यंत्राची पुढची पट्टी 19 इंच, म्हणजे 482.6 मिमी. पेटीतल्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये मोकळी जागा 450 मिमी, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 465 मिमी. लोखंडी पट्ट्या तयार विकत घे, सुताराला भोकं पाडायला लावू नकोस. खोली ठरवताना सगळ्यात लांब यंत्र मोज आणि मागच्या प्लगांसाठी 10 सेंटिमीटर वाढव. माझ्या पेटीत हीच जागा कमी पडली होती, तारा दुमडून तुटायच्या. आणि प्लायला आतून-बाहेरून पॉलिश, कडांनाही.

सहावी_तार (सांगली)

दादा, साउंडवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री पेडलं बोर्डावरून उतरवून पुन्हा मांडली, डीआय कोपऱ्यात बसवला. पॉवर सप्लाय अजून यायचाय, तरी घड्याळ लावून जोडून बघितलं. 4 मिनिटं 10 सेकंद. कंप्रेसरची छोटी जॅक दोनदा काढून घालावी लागली, ती तार बदलतो.

बँडच्या रॅकबद्दल ड्रमरशी बोललो, तो लगेच तयार झाला. ताईंनी एकच विचारलं, पेटी उचलणार कोण? 4 यू करायचं ठरतंय, भरून 18 किलोच्या आत बसतं का ते यंत्रांची वजनं मांडून बघतोय. दोन्ही बाजूंना मुठी लावायच्यात. त्या प्लायला आरपार बोल्ट मारून लावायच्या की स्क्रूवर निभतं?

जुना_फ्रेट (पुणे)

आरपार बोल्ट, आतून मोठा वॉशर.