मदत हवी आहे: समुद्रकाठच्या घराच्या सरकत्या गेटची मोटर खाऱ्या हवेत टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला आमचं घर आहे, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. आई-बाबा तिथे दोघंच असतात, मी पुण्यात. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि लोखंडी गेट ओढणं त्यांना जमेना, म्हणून सरकत्या गेटला मोटर बसवून घेतली. गेट १४ फुटी, एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचं, वजन ३५० किलोच्या आसपास. मोटर २३० व्होल्ट एसी, ६०० किलोपर्यंतच्या गेटसाठीची. डब्यावर आयपी ४४ लिहिलंय. रॅक (गेटला लावलेली दातेरी पट्टी) लोखंडी, वर झिंकचा मुलामा.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात मोटरच्या डब्यातला कंट्रोल बोर्ड गेला, तो नवीन घातला. आता परत त्रास सुरू झालाय आणि दरवेळी लक्षण वेगळं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सकाळी गेट व्यवस्थित उघडायचं, पण बंदच व्हायचं नाही. ऊन वर आलं की तेच गेट काही झालंच नाही असं चालायचं. अधूनमधून सुरू होताना मोटर नुसती घुमते, बाबांनी हाताने थोडं ढकललं की निघते. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे रात्री कुणी रिमोटला हात लावलेला नसताना गेट आपोआप उघडलेलं सापडतं. आमच्या भागात बिबट्या फिरतो, वाड्यात गाय आहे. आईला रात्री झोप लागत नाही.

मेकॅनिक लांबून येतात. त्यांनी बंद न होण्यावर उपाय म्हणून सेन्सरच्या दोन वायरी बोर्डवरच एकमेकींना जोडून टाकल्या. गेट बंद व्हायला लागलं, पण आता मध्ये कुणी उभं असलं तरी ते थांबत नाही. शेजारची मुलं त्याच गेटातून पळत ये-जा करतात. त्यावर मेकॅनिकचं म्हणणं असं की समुद्राकाठी मोटरचं आयुष्य एवढंच, पूर्ण सेट बदला. मला ते पटत नाही. याच किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं वर्षानुवर्षं चालतात, मग गेटची मोटर का चालू नये?

मला जाणून घ्यायचंय ते असं: खरा बिघाड कुठे आहे हे कसं शोधायचं, आहे तीच मोटर वाचेल का, आणि बदलायचीच झाली तर कुठली घ्यावी. गावातला वायरमन हुशार आहे, मल्टिमीटर चालवतो. त्याला फोनवरून सांगता येईल असं सांगितलंत तर फार मदत होईल.

अलिबागहून प्रतिसाद

बाकी काहीही करण्याआधी एक करा. रिलीजची चावी फिरवून मोटर सोडवा आणि गेट हाताने सरकवून बघा. बाबांना नाही, वायरमनला सांगा. एका हाताने सहज सरकलं पाहिजे. जड जात असेल तर दोष गेटचा आहे आणि मोटर उगाच शिव्या खातेय. आमच्याकडे खालच्या चाकाचं बेअरिंग गंजून अडकलं होतं, चाक फिरायचंच नाही, ट्रॅकवर घासत जायचं.

वेंगुर्ल्याहून प्रतिसाद

मी हेच काम करतो, सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात. तुमच्या गेटला एक रोग नाही, तीन वेगवेगळे आहेत. वेगवेगळे करून बघितलं तर प्रत्येकाचं कारण सापडेल.

उघडतं पण बंद होत नाही, याचा अर्थ जवळजवळ नेहमी फोटोसेल, म्हणजे तुम्ही म्हणताय तो सेन्सर. त्याचा संपर्क एरवी जोडलेला असतो आणि मध्ये कुणी आलं की तुटतो. उघडताना बहुतेक बोर्ड त्याच्याकडे बघत नाहीत, बंद करताना बघतात. म्हणजे त्या वायरीतला कुठलाही सांधा गंजून तुटला की बोर्डला वाटतं कुणीतरी मध्ये उभं आहे. सकाळीच का होतं? काचेवर मिठाचा पातळ थर असतो, त्यावर दव बसतं, आतलं इन्फ्रारेड किरण पलीकडे पोचत नाही. ऊन पडलं की काच सुकते. आधी दोन्ही काचा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग समोरच्या खांबापर्यंत गेलेल्या केबलचा सांधा शोधा. काळी टेप गुंडाळून पाइपमध्ये ढकललेला असेल. टेप सोडवली की तांबं काळं-हिरवं झालेलं दिसेल. तो भाग कापा, नवीन सांधा सोल्डर करा, वर आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. आणि कृपा करून ती शॉर्ट केलेली जोडणी काढून टाका. ३५० किलोचं गेट लहान मुलाला दाबून मारू शकतं. तो सांधा होईपर्यंत मोटर सोडवून गेट हाताने चालवा, त्रास झाला तरी चालेल.

रात्री आपोआप उघडणं हे मिठाचंच काम. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, थंडीतसुद्धा पहाटे तीच गत. त्यामुळे एकदा मीठ बोर्डवर बसलं की बोर्ड कधी धड सुकतच नाही. टर्मिनलच्या दोन पायांमध्ये ओला थर तयार होतो, त्यातून करंट झिरपतो आणि बोर्डला वाटतं कुणी बटण दाबलं. एमसीबी पाडून स्टार्टच्या टर्मिनलवरून बाहेर जाणारी बटणाची वायर काढून ठेवा आणि काही रात्री बघा. गेट उघडलं नाही तर दोष खांबावरच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत. तरीही उघडलं तर बोर्डमध्ये.

बोर्ड साफ करताना लोक थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल मारतात. मीठ अल्कोहोलात फारसं विरघळत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. आधी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, मग अल्कोहोल, मग पूर्ण सुकवणं. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या पातळ थराचा, स्प्रे. टर्मिनल, फ्यूजचे क्लिप, छोटे स्विच, स्क्रूने फिरवायचे पॉट आणि रिले यांवर आधी कागदी टेप लावा, नाहीतर तिथला संपर्कच बंद होईल. माझ्या अनुभवात किनाऱ्यावर बोर्ड वाचवायला याहून स्वस्त काही नाही, आणि बसवतानाच केलं तर उत्तम.

घुमणं म्हणजे कंडेन्सर किंवा जड गेट. मोटर सोडवून रिकामी चालवा. रिकामीसुद्धा घुमत असेल तर कंडेन्सर काढून मायक्रोफॅरड मोजा. छापील आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४५० व्होल्टचाच घ्या. हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायचा हे वायरमनला ठाऊक असेल, तरी आठवण करा. व्होल्टेजही बघा, मोटर चालू असताना, तिच्या टर्मिनलवर. या मोटरींची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० च्या जागी १८० मिळत असेल तर जोर ६० टक्क्यांवर येतो.

मस्कतहून प्रतिसाद

इथे समुद्राची दमट हवा आणि धूळ दोन्ही एकदम असतात, त्यामुळे थोडं सांगतो. आयपी ४४ वर विसंबू नका. त्यातला दुसरा ४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे झेलेल, आणि ती चाचणी गोड्या पाण्याने होते, खाऱ्या हवेत डबा किती टिकेल याच्याशी तिचा संबंध नाही. पहिला ४ म्हणजे १ मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. बारीक लाल मुंग्या त्यातून आरामात जातात आणि त्यांना डब्यातली ऊब आवडते. पालीही मोटरखालच्या मोकळ्या पाइपातून वर येतात. केबल आणल्यावर पाइपाचं तोंड बुजवलंच पाहिजे, जमिनीतली दमट हवासुद्धा तिथूनच वर येते. नंतर उकरून काढता येईल असं डक्ट सीलिंगचं मऊ कंपाऊंड वापरा, सिमेंट नको.

रॅकला ग्रीस लावू नका. उडणारी वाळू त्यात बसते आणि पिनियनला (मोटरच्या दातेरी चाकाला) पॉलिश पेपरसारखी खाते. गेट आणि ट्रॅक गोड्या पाण्याने धुवा, पण मोटरवर पाइपाची धार सोडू नका.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमनला फोनवर घेऊन क्रमाने सगळं तपासलं, फोटो आणि व्हिडिओ मागवले.

गेट हाताने सरकवलं तर वायरमनला दोन्ही हात लावावे लागले. पुढच्या चाकाचं बेअरिंग पूर्ण अडकलेलं, चाक एका बाजूला घासून सपाट झालंय. फोटोसेलच्या केबलचा सांधा खांबाच्या पायथ्याशी सापडला, ज्या पाइपात होता त्यात पाणी साचलेलं. टेप सोडवताना वायर हातातच तुटली. खांबावरचं बटण उघडलं तर आत ओल आणि पत्र्याच्या पट्टीवर पांढरी पूड. बोर्डच्या मागे मुंग्यांची अंडी. कंडेन्सरवर १६ छापलंय, मोजल्यावर ११ भरला. व्होल्टेज मोटर चालू असताना २१० मिळालं, ते ठीक असावं.

चाकं नवीन घातली, सीलबंद बेअरिंगची. सांधा नवा, बटणाची वायर तूर्त काढून ठेवली, बोर्ड सांगितला तसा धुऊन कोटिंग मारलं, कंडेन्सर बदलला. सेन्सर परत जोडला. वायरमनने स्वतः मध्ये उभं राहून आणि वेगवेगळ्या उंचीवर हात धरून तपासला. गेट आता सकाळी बंद होतं, घुमणं गेलं, रात्री उघडलेलं नाही. आई झोपतेय, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

एक नवीन भानगड मात्र झालीय. चाकं बदलल्यापासून रॅककडून खडखड आवाज येतो आणि एका टोकाला पिनियन दात सोडतंय असं वाटतं.

वेंगुर्ल्याहून प्रतिसाद

ते होणारच होतं. घासलेलं चाक गेलं, नवीन पूर्ण गोल आलं, म्हणजे गेट काही मिलिमीटर वर उचललं गेलं आणि रॅकही त्याबरोबर वर गेला. रॅकची भोकं लांबट असतात, बोल्ट सैल करून खाली घ्या. गेट पूर्ण उघडं, मध्यावर आणि पूर्ण बंद, अशा तिन्ही जागी रॅक आणि पिनियन यांच्यात १ ते २ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. गेटचं वजन पिनियनवर अजिबात येऊ नये, नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. बोल्ट काढलेच आहेत तर बदलून टाका. एसएस ३१६ मिळाले तर बघा, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा बरेच टिकतात. बाजारात एसएस म्हणून बऱ्याचदा २०२ गळ्यात मारतात. चुंबक लावून कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक धड चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

मोटर आता बदलू नका. पुढे कधी घ्यायची झाली तर आई-बाबा एकटे असतात म्हणून २४ व्होल्ट डीसी, बॅटरी बॅकअपवाली घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्याच तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून चला. आणि रिलीजची चावी घरात कुठे टांगलीय, ती कशी फिरवायची, हे आईंनाही दाखवा, फक्त बाबांना नाही.

अलिबागहून प्रतिसाद

अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात विजा कडकडतात तेव्हा बोर्ड जळतात ते बऱ्याचदा याच्यामुळे. मोटरच्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवा, पण चांगल्या अर्थिंगशिवाय त्याचा काही उपयोग नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पावसात पडत असेल तर तो काढून थेट जोडू नका, कुठेतरी पाणी शिरलंय एवढंच तो सांगतोय.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

रॅक खाली घेतला, खडखड थांबली. आरसीसीबी नव्हताच, बसवून घेतला. अर्थिंगचा नवीन खड्डा विहिरीच्या पाटाजवळ, जिथे जमीन कायम ओली असते, तिथे काढायचं ठरलंय.

आता एकच राहिलं. मोटर फरशीपासून जेमतेम दोन इंच वर आहे आणि मुसळधार पावसात पाणी तिच्या तळाला लागतं. खाली सहा इंची स्टँड बनवून मोटर आणि रॅक दोन्ही वर घ्यायचे आहेत. स्टँड एमएसचा करून नुसता रंग मारला तर वर्षात सोलेल, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून मुलामा) करून घ्यायचंय. दापोलीच्या जवळपास, चिपळूण किंवा महाडकडे, असा एखादा छोटा नग घेऊन करून देणारं कुणी माहीत असेल तर मला निरोप पाठवा. मे महिन्याच्या आत बसवायचं आहे.