जुन्यांकडून शिकलेलं, नव्यांकडून शिकलेलं, तुमच्या कामावरचं लिहा

काल गावावरून येताना मळीचा वास नाकात गेला आणि आमचे पॅनवाले, म्हणजे मोठ्या भांड्यात पाक उकळून साखरेचा दाणा पाडणारे, अण्णाच आठवले. मी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नवीन, ब्रिक्स (पाकाचा दाटपणा), व्हॅक्यूम सगळं पाठ. अण्णा पॅनमधून नमुना काढून काचेवर पसरायचे, दिव्यासमोर धरायचे, दोन बोटांत तार ओढून बघायचे आणि म्हणायचे पाणी दे. एका रात्री मी ऐकलं नाही, मीटर ठीक दाखवतोय म्हणालो, तासाभरात फॉल्स ग्रेन, चांगल्या दाण्यात नुसतं पीठ. तसंच खाली सोडलं असतं तर सेंट्रिफ्यूगलला, म्हणजे गरगर फिरवून दाणा वेगळा करणाऱ्या मशीनला, मळी सुटलीच नसती. गरम पाणी देऊन बारीक दाणा विरघळवत बसलो पहाटेपर्यंत. अण्णा चिडले नाहीत, दुसऱ्या रात्री काच माझ्याच हातात दिली, बोल काय दिसतंय. असे तीन सीझन. त्यांचं काहीच लिहून ठेवलं नाही मी, फार लागतं ते मनाला.

–

सहकारी बँकेत होते, लेजरचा काळ. टॅली लागेना, रात्रीचे नऊ. आमच्या मॅडम म्हणाल्या फरकाला 9 ने भाग. गेला की! म्हणजे आकडे उलटे पडलेत, 54 चे 45. लगेच सापडलं. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे तरी नवीन पोरांना सांगतेच

–

हो हो!! आणि फरक सम असेल तर निम्मी रक्कम शोधायची, नावेची जमेला पडलेली असते. कुकर झाला, येते

–

माझं उलट. अंगणवाडीत 22 वर्षं झाली. 2021 ला पोषण ट्रॅकर ॲप आलं, हात थरथरायचा फोन धरताना. आमची नवीन मदतनीस रोज जेवणानंतर एकेक स्क्रीन शिकवायची, ताई घाबरू नका, मी आहे ना. मी तिला वजन घ्यायला शिकवलं. बाळ रडतंय तर झोळीत आधी आईची ओढणी घालायची, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ. आईच्या वासानं शांत होतं

–

ताई माझी 11 महिन्यांची आहे, झोळी दिसली की किंचाळते. मंगळवारी वजन आहे, करून बघते

–

गळीत सुरू झालं का हो तुमच्याकडे? आमच्या उसाला अजून तोड नाही

–

झालं, टोळ्याच कमी आल्यात

–

अण्णा आहेत ना अजून? मोबाईलवर रेकॉर्ड करा त्यांना

–

आहेत, 78. रविवारी जातोय, काच घेऊन

–

ताई ओढणी चालली!! 8 किलो 200 भरली