पुढचा ब्रेक दाबायचा की नाही? आणि सिग्नल सायकलला लागू आहे का?

घंटीवाला:
पुण्यात बावधनहून चांदणी चौक उतरून, पौड रस्त्याने डेक्कनला ऑफिस. गिअरची सायकल, अ‍ॅल्युमिनियमची रिम, व्ही-ब्रेक (दोन दांड्या रिमला दोन्हीकडून रबर आवळतात तो). तीन शंका:
१. घरचे म्हणतात पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटून पडशील. खरं का?
२. पावसात ब्रेक उशिरा लागतो आणि करकरतो. रबर बदलू की डिस्क ब्रेकवाली सायकल घेऊ?
३. सिग्नलला सगळे सायकलवाले सरळ निघून जातात. सायकलला पावती होते का?

फ्रीव्हील:
घरच्यांचं अर्धंच बरोबर आहे. माणूस उलटतो तो पुढचा ब्रेक खसकन आवळून हात सैल सोडल्यामुळे. ब्रेक लागला की सायकल थांबायला बघते, अंग पुढेच जात राहतं, सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं पडतं आणि हलक्या चाकाला कितीही ब्रेक मारा, ते नुसतं फरफटत जातं. ताशी २५ किमी वेग आणि कोरडं सपाट डांबर असेल तर दोन्ही ब्रेक नीट वापरून साधारण ५ मीटरमध्ये थांबता येतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर १० मीटर लागतात. शिवाय डोळ्याने बघून बोटं आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यातच ७ मीटर संपलेले असतात. म्हणून गर्दीत दोन-दोन बोटं लिव्हरवर कायम हवीत.

पद्धत अशी: पेडल आडवी ठेवा, बूड सीटवर मागे सरकवा, तळवे मुठींवर रेटून धरा. मागचा हलका, लगेच पुढचा, आणि पुढच्याचा दाब वाढवत न्या. मागचं चाक सरकायला लागलं, की पुढचा किंचित सोडा. रिकाम्या पार्किंगमध्ये आधी ताशी १० किमीवर सराव करा, मग १५ वर. थेट चांदणी चौकाच्या उतारावर प्रयोग नको.

ओला_रस्ता:
वरच्यात एक भर. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, वाळू, सांडलेलं डिझेल, ओले पेव्हर ब्लॉक यांवर पुढच्याला हात लावू नका. वेग त्यांच्या आधी कमी करा आणि वरून सायकल सरळ जाऊ द्या. वळणातही तेच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, ते दिवस सगळ्यात वाईट.

पाना_नंबर_५:
प्रश्न २. नव्या सायकलीचा खर्च राहू द्या, आधी हे तपासा. रिमवर पाणी असतं तेव्हा पहिले एक-दोन फेरे रबर फक्त पाणी पुसतं, पकड नंतर येते. म्हणून पावसात थांबायच्या जागेच्या बरंच आधी लिव्हर हलकी दाबून रिम पुसून घ्यायची.

रबरातल्या खाचा बुजल्या असतील तर बदला. खाचा शिल्लक असतील तर रबर काढून बघा, अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण रुतलेले दिसतील. ते सुईने काढा, पृष्ठभाग पॉलिश पेपरवर घासा, रिम स्पिरिटने पुसा. हे कणच रिम खातात. चेनला तेल स्प्रेने मारत असाल तर मागच्या रिमवर तेल उडतं; थेंब-थेंब टाका.

बसवताना रबर पूर्ण रिमवर टेकलं पाहिजे. वर सरकलं तर टायर कापेल, खाली गेलं तर आऱ्यांत घुसेल. रबराची पुढची कड मागच्यापेक्षा साधारण १ मिमी आधी टेकेल असं तिरकं ठेवलं, की करकर बहुतेक जाते. तिरकं ठेवायला मागच्या कडेखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरून ५ मिमीच्या अ‍ॅलन कीने बोल्ट आवळा. रिमपासून अंतर दोन्हीकडे १ ते २ मिमी. एकच बाजू घासत असेल तर ब्रेकच्या दांडीवरचा छोटा स्प्रिंगचा स्क्रू फिरवा. फेऱ्यात एकाच जागी घासत असेल तर चाक आऊट आहे, म्हणजे रिम डावी-उजवी डोलते; दुकानात आऊट काढून घ्या. लिव्हर पूर्ण दाबली तरी मुठीला टेकता कामा नये. केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर केबल बदला, गाठ मारून चालवू नका.

डिस्क पावसात सरस, हे मान्य. पण स्वस्त केबलवाल्या डिस्कपेक्षा नीट लावलेला व्ही-ब्रेक चांगला.

कलम_बहाद्दर:
प्रश्न ३. मोटार वाहन कायद्यात सायकल ‘मोटार वाहन’ नाही. म्हणून लायसन्स, विमा, हेल्मेटची सक्ती नाही आणि नंबर प्लेट नसल्यामुळे ई-चलानही नाही. पण सगळं माफ, असा अर्थ काढू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवण्याचा नियम कुठल्याही वाहनाला आहे, आणि कलम ३३ खाली पोलीस आयुक्त सायकलींच्याही वाहतुकीचे नियम करू शकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकारपणे वाहन चालवणे, त्यातही ‘मोटार’ शब्द नाही: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्यवहारात महत्त्वाचं वेगळंच. लाल सिग्नल तोडताना गाडीने उडवलं, तर भरपाईच्या दाव्यात तुमची हयगय धरून रक्कम कापली जाते. उलट्या दिशेने येणाऱ्यालाही तेच. बाकी ‘सगळेच जातात’ हा युक्तिवाद न्यायाधिकरणापुढे कोणी करून बघू नये.

घंटीवाला:
धन्यवाद मंडळी. माझ्या सायकलला उजवी लिव्हर मागची आहे. उलटं बसवलंय का?

फ्रीव्हील:
आपल्याकडे साधारणपणे उजवी पुढची, डावी मागची. कारण सोपं: डावीकडून चालवणाऱ्या देशात उजवं वळण धोक्याचं, त्याचा इशारा उजव्या हाताने द्यायचा, म्हणजे तेवढा वेळ डाव्या हातात मागचा, सौम्य ब्रेक राहतो. तुमच्या सायकलवर त्या क्षणी एका हाताने पुढचा दाबला जाईल. केबलची लांबी पुरत असेल तर मेकॅनिक अदलाबदल करून देईल, नाहीतर नव्या केबल. बदलल्यावर पहिले काही दिवस रस्त्यावर जाण्याआधी घराजवळच ब्रेक दाबून बघा, बोटांना जुनीच सवय असते. आणि तोवर वेग आधी कमी करा, मग हात दाखवा.