मदत हवी आहे: आईचं पित्ताशय काढायचंय, दुर्बिणीतून की पोट उघडून?

निशिगंध: सोनोग्राफीत आईच्या पित्ताशयात खडे निघालेत. एक सर्जन दुर्बिणीतून करू म्हणतात, पण संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' असंही लिहून घेतायत. दुसरे रोबोटिक सुचवतात, खर्च जवळपास दुप्पट. परवापर्यंत कळवायचंय. काय करू?

वाटसरू: वय? ताप, उलट्या? रक्त पातळ करायची गोळी? हे न सांगता कोण काय सांगणार?

माजघर: कुळथाचं कढण आणि पानफुटीची दोन पानं अनशेपोटी द्या. माझ्या दिरांचा खडा पडून गेला. ऑपरेशनची घाई नको.

वाटसरू: ताई, तो मुतखडा असणार. पित्ताशयातला खडा लघवीवाटे पडत नाही, सरकला तर पित्तनलिकेत अडकतो.

शिरीष_मिरज: माझं श्रावणात दुर्बिणीतून झालं. चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. टाक्यांपेक्षा उजवा खांदाच ठणकत होता. पोटात भरलेल्या गॅसने होतं म्हणे, दोन दिवसांत थांबलं. डोळे झाकून दुर्बीण!

जुनाजाणता: डोळे झाकून कशाला? हिचं दुर्बिणीतूनच सुरू केलं होतं, आत सगळं चिकटलेलं. सर्जननी वेळीच बरगडीखाली चीर दिली. सहा दिवस दवाखान्यात काढले, पण पित्तनलिका शाबूत राहिली. ते वाक्य फॉर्मवर हवंच.

शिरीष_मिरज: हल्ली अशी वेळ क्वचितच येते.

जुनाजाणता: आमच्यावर आली ना!

अभ्यासू_मन: भारतात हे ऑपरेशन दुर्बिणीतून पहिल्यांदा डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये केलं, तेही मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

निशिगंध: वय ६१. ॲस्पिरिन चालू आहे. ताप नाही. कालपासून लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, डोळेही पिवळसर वाटतात. पण रोबोटिकचं कुणीच बोलेना!

वाटसरू: अहो, आधी ते डोळे! सर्जनना आत्ताच फोन करा. रक्तातलं बिलिरुबिन तपासा, त्यावरून कावीळ किती ते कळतं. एमआरसीपीचं, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयचं विचारा. खडा नलिकेत असेल तर बहुतेक वेळा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात, पित्ताशय नंतर. थंडी वाजून ताप आला तर रात्रीच ॲडमिट करा. ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. आणि रोबोटचे हातही छोट्या भोकांतूनच आत जातात. सर्जनचा हात कशावर बसलाय ते विचारा.

माजघर: त्यांना पपई चालेल का हो?

निशिगंध: बिलिरुबिन ५.८ आलं, बरंच वाढलंय. ऑपरेशन पुढे ढकललंय, उद्या सकाळी एमआरसीपी. जुनाजाणता काका, चीर द्यावीच लागली तर उठता-बसताना काकू काय करायच्या?

जुनाजाणता: छोटी उशी टाक्यांवर दाबून धरायची, खोकतानासुद्धा. आधी कुशीवर वळून मग उठायची. घरूनच घेऊन जा, तिथल्या उशा फार मोठ्या असतात.