तुमची सायकल कधी सुरू झाली आणि कधी सुटली? (अनुभव धागा)

धागाकर्ती
सायकल तब्येतीला चांगली, हवेला चांगली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर आणखी भाषणं नकोत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली सायकलनं शाळेत यायच्या, आज त्यांतली एकही चालवत नाही. येत तर होती सगळ्यांना, मग सुटली कुठे? तेव्हा लिहा : कोणी बसवलं, कोणी उतरवलं आणि परत बसला असाल तर कशामुळे. पुरुषांनीही लिहा, पण 'मिसेसला मीच शिकवली' असं लिहिणार असाल तर आधी मिसेसना विचारून घ्या.

रानवाट (विदर्भ, हायस्कूल शिक्षिका)
आमच्या भागात मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते. सायकल घरी आली म्हणजे मुलगी शाळेत आली, असं मात्र नाही. कधी भाऊ नेतो, कधी बाप शेतात नेतो. सगळ्यात जास्त वेळा ती पंक्चर होऊन ओसरीत पडून राहते. गावात पंक्चरवाला नाही, तालुक्याला न्यायला कोणाला सवड नाही, आणि पोरगी घरी.

म्हणून एका शनिवारी शाळेतच घमेलं, पॉलिश पेपर, सोल्युशन आणि पॅच घेऊन बसलो. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावून थोडं सुकू द्यायचं (इथेच सगळ्या घाई करतात), मग पॅच. आता नववीच्या पोरी गावातल्या पोरांचीही पंक्चर काढून देतात. पैसे घेऊन!

दुसरं म्हणजे, एकटीला कोणी पाठवत नाही, पण चारपाच जणी मिळून निघाल्या तर कोणी अडवत नाही. त्यामुळे एका गावच्या मुली शक्यतो एकाच तुकडीत ठेवतो. एकदम सुटतात, एकदम निघतात. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. त्यावर झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि खरा फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. आमच्याकडेही लांबच्या गावच्या मुलीच आधी गळतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

उशिरा_पेडल (ठाणे)
चाळिशीनंतर शिकले. नवरा कॅरिअर धरून मागे पळायचा आणि 'पुढे बघ, पुढे बघ' ओरडायचा. सायकलपेक्षा भांडणंच जास्त झाली. शेवटी सोसायटीतल्या एका मुलीनं पान्यानं दोन्ही पेडल काढली, तळपाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घेतली आणि म्हणाली, "काकू, नुसतं पायानं ढकलत चला. जमलं की पाय उचलून बघा." तोल आला, मग पेडल परत लावली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे नवऱ्याला माहीत नव्हतं, याची इथे मुद्दाम नोंद.

लहानपणी का नाही शिकले? आजी म्हणायची, "लग्नाला अडचण येईल." कसली अडचण ते कोणी बोललं नाही, मोठी झाल्यावर उमगलं : सायकलनं योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) फाटेल, ही भीती. ते खूळ अजून आहे बरं का. योनिपटलावरून कौमार्य ठरवणंच मुळात चूक आहे, हे आयांनी मुलींना उघड सांगावं.

जुना_कार्यकर्ता
साक्षरता मोहिमेच्या दिवसांत तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं नाव कानावर यायचं. १९९१ साली तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर, दगडखाणीतल्या बाया शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा दांडीच्या जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर पोर बसवता येतं. आपल्याकडे अजून मुलीची सायकल म्हटलं की दुकानदार गुलाबी, बास्केटवालीच पुढे करतो.

दोन_मुलींचा_बाबा
मोठीची सायकल मीच बंद केली. क्लासवरून येताना बाईकवाली पोरं मागे लागायची. दहावी झाल्यावर स्कूटी घेऊन दिली. चुकलं की बरोबर, अजून ठरवता आलेलं नाही. नुसतं 'प्रोत्साहन द्या' म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सात वाजता तो रस्ता बघावा.

धागाकर्ती
बाबा, हेच हवं होतं. पण स्कूटीच्या मागे लागत नाहीत का ती पोरं? आणि धाकटीचं काय ठरलंय?

कालव्याकाठी (आइंडहोव्हन)
बाबांच्या मुद्द्याला जोडून. इथे नेदरलँड्समध्ये बायका सायकल चालवण्यात पुरुषांच्या मागे नाहीत, आणि त्यासाठी कोणी त्यांना धीट म्हणत नाही. सायकलचा रस्ता मोटारींपासून वेगळा आहे, रात्री दिवे असतात, शाळेत पोरांची वाहतुकीची परीक्षा होते. माझ्या सायकलच्या शिकवणीत तुर्की, मोरोक्कन बायका होत्या. सगळ्यांची एकच फजिती : पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो! मागच्या चाकाला जाळी असते, त्यामुळे ओढणी अडकत नाही. आईसाठी तशी पुण्यात शोधली, मिळाली नाही.

घाटचढणी (नाशिक)
मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, बाई असो की पुरुष. पायांचं काही वाटत नाही. खरी अडचण बाथरूमची. ती टाळायला बायका पाणीच कमी पितात आणि घाटात डोकं धरून बसतात. त्यामुळे रूट ठरवताना आधी चालू बाथरूम असलेले पेट्रोल पंप हेरून ठेवते.

नव्यांपैकी निम्म्या जणींची गुडघेदुखी सीट खाली ठेवल्यामुळे असते. उशिरा_पेडल, तुम्हीही आता सीट वर घ्या. टाच पेडलवर ठेवली की सगळ्यात खालच्या जागी पाय सरळ व्हायला हवा.

उशिरा_पेडल
घेते. पण सिग्नलला पाय टेकणार कसा?

घाटचढणी
सीटवरून पुढे उतरायचं, दोन्ही पायांमध्ये दांडी. रविवारी मोकळ्या मैदानात हेच करा, बाकी काही नको.